ब्रायडीचं राहून गेलेलं सुतक

आमची शेजारीण ब्रायडी मकिबिन हिला मी पहिला महिनाभर 'मिसेस मकिबिन' म्हणत होतो. मग एक दिवस तिने कुंपणावरूनच सुनावलं, "मिसेस मकिबिन माझी सासू होती, आणि ती माझ्याशी अकरा वर्षं बोलली नाही. मला ब्रायडी म्हण." तेव्हापासून ती ब्रायडी. बाईने ऐंशी पार केलीय, पण मराठीत तिच्याबद्दल बोलताना आमच्या तोंडून एकेरीच येतं. त्याला इलाज नाही.

आम्ही राहतो ल्यूकनला, डब्लिनच्या पश्चिमेला. मी चिप्सच्या कारखान्यात (बटाट्याच्या नव्हे, संगणकाच्या, माझ्या मावशीला अजून पटलेलं नाही) आणि माझी बायको स्वरूपा औषधांच्या कारखान्यात. २०१९च्या ऑक्टोबरात इथे घर घेतलं तेव्हा भिंतीला भिंत लागून ब्रायडी आणि तिचा नवरा मर्विन हे बिऱ्हाड मिळालं. ब्रायडी एकतीस वर्षं पोस्टात काउंटरवर होती. या भागात कुणाचं काय चाललंय याची जेवढी माहिती तिला आहे तेवढी पोलिसांनाही नसेल. "मी जन्मात कुणाचं पत्र फोडलं नाही," असं ती छातीवर हात ठेवून सांगते, "जे कळायचं ते पाकिटावरूनच कळतं." भोचक आहे. स्वरूपाने कढीपत्त्याची कुंडी मागच्या दाराशी ठेवली होती. 'जागा चुकली', 'जागा चुकली' असं तीनदा सांगून चौथ्यांदा तिने स्वतःच ती उचलून दुसरीकडे ठेवली. झाड जगलं, हेही सांगायला हवं.

मर्विन अगदी उलट. तो सीमेपलीकडचा, उत्तर आयर्लंडमधल्या ड्रोमोरचा, प्रोटेस्टंट. ही इकडची, क्लेअर परगण्यातल्या एनिसजवळच्या खेड्यातली, कॅथलिक. १९६९ साली, उत्तरेत दंगली पेटल्या त्याच वर्षी, या दोघांनी लग्न केलं. त्याच्या आईचं वर आलंच आहे. हिच्या भावाने मर्विनला उभ्या जन्मात पुढच्या दाराने घरात घेतलं नाही. मग दोघं ल्यूकनला येऊन राहिली, कुणाचंच माहेर नाही अशा ठिकाणी. मर्विन शेतांवर हिंडून गाईंचं दूध काढायची यंत्रं दुरुस्त करायचा. मूलबाळ झालं नाही. मला तो मिळाला जेमतेम सहा महिने. थंडीच्या तोंडावर त्याने मला रेडिएटरमधली हवा काढायला शिकवली, आणि त्या अर्ध्या तासात तो एकूण चार वाक्यं बोलला असेल.

२०२०च्या एप्रिलमध्ये मर्विन गेला. कोविडचे पहिले दिवस. इथे एरवी मयत घरी ठेवतात. दोन दिवस माणसांची रीघ लागते. येणारा प्रत्येक जण घरच्यांचा हात हातात घेतो, चहा पितो, गेलेल्या माणसाचे किस्से सांगतो. रडतात तेवढंच हसतात. मर्विनच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. चर्चमध्ये दहा माणसांची परवानगी, तीही लांब लांब बसलेली. गाडी आमच्या रस्त्यावरून गेली तेव्हा सगळे आपापल्या फाटकात उभे राहिलो. ब्रायडी मागच्या गाडीत एकटी बसली होती, समोर बघत.

आता माझी चूक सांगतो. आपल्याकडे भेटायला जायचं ते दहा-तेरा दिवसांच्या आत. तेव्हा जाण्याची सोय नव्हती. निर्बंध उठले तेव्हा तीन महिने होऊन गेले होते, आणि आपल्यात अशा वेळी विषय काढत नाहीत. बरी होत आलेली जखम कशाला उकरायची? स्वरूपाचं आणि माझं ठरलंच होतं, मर्विनचं नावसुद्धा तिच्यासमोर काढायचं नाही. हवापाण्याचं बोलायचं, रुचाच्या शाळेचं बोलायचं. रुचा आमची मुलगी, दहा वर्षांची. अडीच वर्षं आम्ही ही काळजी घेतली आणि आपण किती समजूतदार शेजारी आहोत असं स्वतःला वाटून घेतलं.

मर्विन गेल्याच्या पुढच्या वर्षी, मे महिन्यात, अमरावतीला माझी आई गेली. त्याच रोगाने. विमानं जवळपास बंद, गेलो तर परत येता येईल याची खात्री नाही, आणि मुळात सकाळी सहाला गेलेली आई दहाला महापालिकेच्या गाडीतून नेलीसुद्धा. वडिलांनी फोन करून सांगितलं, "झालं रे," आणि ठेवला. मी त्या दिवशी दुपारच्या मीटिंगला हजर होतो. ब्रायडीला मी सांगितलं नाही. कामावरही दोघांनाच माहीत होतं. काय सांगायचं? दाखवण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

हे सगळं मागचं. गोष्ट आहे ती २०२२च्या सप्टेंबरची, इंग्लंडची राणी गेली तेव्हाची.

त्या गुरुवारी संध्याकाळी बातमी आली. इकडच्या आयर्लंडमध्ये अशा वेळी काय करावं हे कुणालाच नीट कळत नाही. आठशे वर्षं ज्यांनी राज्य केलं त्यांची राणी. म्हणून रडायचं नाही. पण म्हातारी बाई होती, सत्तर वर्षं सगळ्यांनी पाहिलेली. म्हणून हसायचंही नाही. आमच्या कारखान्यात कॅन्टीनमध्ये दोन-तीन विनोद झाले, मग एकाने "तरी, बिचारी" म्हटलं आणि सगळे जेवायला लागले. टीव्हीवर मात्र पलीकडचा देश दिवसेंदिवस रडत होता. मैलोगणती रांगा, फुलांचे ढीग.

माझे वडील तेव्हा तीन महिन्यांसाठी आले होते. रुचामुळे आम्ही सगळेच त्यांना आबा म्हणतो. आबा अचलपूर-परतवाड्याकडे पोस्टमास्तर होते, पूर्ण नोकरी पोस्टातच. बेचाळीस साली त्यांचे वडील सात महिने आत होते. त्या रांगा बघून आबांचं डोकं फिरलं.

"आपल्या खिशातलं नेऊन मोठ्या झाल्या ह्या, अन् आता हे लोक काहून रडून राह्यले?" ते टीव्हीला विचारायचे. "मले सांग जयेश, हिनं यायच्या घरचं काय केलं?"

शेजारी ब्रायडीचे पडदे तीन दिवस बंद होते. कचऱ्याचे डबे बाहेर आले नाहीत तेव्हा स्वरूपाला काळजी वाटली. ती जाऊन आली. म्हणाली, तब्येत ठीक आहे, पण डोळे सुजलेत.

बुधवारी ब्रायडी स्वतः आली. हातात रुबार्बचा टार्ट, अंगात चांगला कोट. आली की आधी किचनमधल्या फडताळाचं दार ('प्रेस'चं दार, तिच्या भाषेत) नीट लागत नाही यावर शेरा मारायचा हा तिचा शिरस्ता. त्या दिवशी शेरा नाही. खुर्चीच्या टोकावर बसली आणि म्हणाली, "जयेश, शनिवारी तुला वेळ आहे का? मला हिल्सबरोला जायचंय."

हिल्सबरो म्हणजे उत्तरेतलं लहानसं गाव. तिथे राजघराण्याचा वाडा आहे, आणि त्याच्या फाटकाशी लोक फुलं वाहत होते. मर्विनच्या ड्रोमोरपासून अगदी जवळ.

मग तिने जे सांगितलं ते आबांसकट आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मर्विनला राणीचं फार कौतुक. पण इथे, या रस्त्यावर, ते बोलणार कुणाजवळ? दर नाताळला दुपारी तीनला राणीचं भाषण लागायचं. मर्विन पडदे ओढायचा, आवाज अगदी बारीक करायचा आणि टीव्हीसमोर हातातली बशी खाली ठेवून बसायचा. पन्नास वर्षं. ब्रायडी आतून ओरडायची, "युअर वुमन आली बघ!" आणि रस्सा ढवळत राहायची. ती एकदाही बाहेर येऊन त्याच्याशेजारी बसली नाही.

"मला ती बाई कधी आवडली नाही," ब्रायडी म्हणाली. "मी क्लेअरची आहे, मला कशी आवडेल? पण गेल्या वर्षी तिचा नवरा गेला. टीव्हीवर दाखवलं. एवढ्या मोठ्या चर्चमध्ये ती एकटी बसली होती, तोंडाला मास्क लावून. शेजारी कुणी नाही. मी म्हटलं, अगं, ही तर मी."

तिने हातातला टार्ट टेबलावर सरकवला.

"मर्विनला कुणी रडलंच नाही, जयेश. मीसुद्धा नाही. दोन मीटरवर बसलेल्या दहा माणसांत रडता येत नाही. नंतर तर या रस्त्यावर त्याचं नावच बंद झालं. कुणी काढत नाही. मला वाटलं, पन्नास वर्षं राहून तो कुणाला आठवतच नाही." तिने स्वतःचे हात पाहिले. "तिकडे आत्ता सगळं गाव रडतंय. तिथे म्हातारी बाई रडली तर कुणी विचारणार नाही का म्हणून. पण सोमवारी राणीला पुरलं की संपलं. मग फुलं उचलतील. एनिसला भाऊ आहे, त्याला हे सांगायचीही सोय नाही."

नाव न काढणारे ते आम्हीच. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी अविचार करतो. "ग्रँड!" मी म्हणालो. "शनिवारी सकाळी नऊला निघू."

ती गेल्यावर आम्ही जेवायला बसलो. रुचाने पोळीचा तुकडा हातात धरून माझ्याकडे पाहिलं.

"बट यू कान्ट गो टू द नॉर्थ, बाबा. दे वुडन्ट लेट मी ऑन द स्कूल टूर, रिमेंबर?"

खरंच की. मे महिन्यात तिचा अख्खा वर्ग बेलफास्टला गेला होता आणि ही घरी बसली होती, कारण आमचे पासपोर्ट भारतीय आणि बेलफास्टला ब्रिटनचा व्हिसा लागतो. रस्त्यावर ना नाका ना कठडा, पाटीवरचे किलोमीटर जाऊन मैल येतात एवढाच काय तो फरक. पुष्कळ जण तसेच जाऊन येतात. पण येताना कधी बस थांबवून कागद बघतात, कधी गाडी. माझा आयरिश नागरिकत्वाचा अर्ज चौदा महिने विचाराधीन होता. त्यात 'वर्तन चांगले' हा रकाना आहे.

"सरळ जाऊन सांग तिला," स्वरूपा म्हणाली. "आत्ताच. उद्यावर टाकलंस तर अजून वाईट."

"पण सांगू काय? माझ्या कागदापायी तू नवऱ्याला रडू नकोस म्हणून?"

"टॅक्सी करून देऊ?"

"एवढ्या लांब एकटी? वय काय तिचं!"

आबा इतका वेळ वरणभात कालवत होते. ते उठले, हात धुतले, खोलीत गेले आणि आपला पासपोर्ट घेऊन आले. चष्मा कपाळावरून खाली ओढून त्यांनी पान उघडलं. "हे काय लिवलं हाय पाह्य बरं."

व्हिसावर चार इंग्रजी अक्षरं होती. भारतातून इथे पाहुणा म्हणून येणाऱ्याच्या व्हिसावर ती असतात, आणि त्यांचा अर्थ असा की याच व्हिसावर हा माणूस ब्रिटनलाही जाऊ शकतो. तो अर्ज मीच भरला होता आणि साफ विसरलो होतो. म्हणजे नऊ वर्षं इथे राहणारा, कर भरणारा, रेडिएटरमधली हवा काढणारा मी जाऊ शकत नव्हतो, आणि साडेपाच आठवड्यांपूर्वी आलेले आबा जाऊ शकत होते.

"मी जातो त्यायच्यासंगं," आबा म्हणाले.

"आबा, तुम्ही? राणीला फुलं वाहायला?"

"राणी गेली खड्ड्यात. त्या बाईले जाचं हाय ना?"

शनिवारी निघालो. मी त्यांना सीमेच्या अलीकडच्या शेवटच्या मोठ्या गावापर्यंत, डंडॉकपर्यंत सोडणार. पुढे ती दोघं बसने जाणार, न्यूरीला बस बदलून. पुढच्या सीटवर ब्रायडी, मांडीवर पांढऱ्या शेवंतीचा गुच्छ. मागे आबा, टोपी, मफलर आणि माझं जाड जाकीट घालून. मला वाटलं होतं ही दोघं काय बोलणार. आबांचं इंग्रजी सरकारी पत्रातलं. पण विमानतळ मागे पडायच्या आत शिक्क्यांवरून सुरुवात झाली. तारखेचा शिक्का तुमच्याकडे रोज कोण बदलायचं, पोस्टमास्तर की कारकून? नाताळात टपाल किती? आमच्याकडे दिवाळीत आणि राखीला. अर्धवट पत्ता असला तर? "आय ऑलवेज फाइंड," आबा म्हणाले. "सो डिड आय!" ब्रायडी म्हणाली आणि दोघंही खूश होऊन खिडकीबाहेर बघू लागली. शंभर किलोमीटर मी गाडी चालवण्यापुरताच होतो.

डंडॉकला मी त्यांना बसमध्ये बसवलं. आबांचा पासपोर्ट आतल्या खिशात आहे ना, ते तीनदा विचारलं. "तू जाय आता," ते वैतागून म्हणाले. बस गेली. मी स्टँडवर उभा राहिलो.

सीमा तिथून दहा-बारा किलोमीटर असेल. मी कॉफी घेतली, गावात दोन चकरा मारल्या, एका बाकावर बसलो. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा अलीकडेच आहे. कुणीतरी कुणालातरी रडायला गेलंय, माझा बाप तिथे एकटा गेलाय, आणि मी कागदामुळे अलीकडे बसून फोन वाजायची वाट बघतोय. मला स्वतःचा भयंकर राग आला. फोन काढून आबांना लावला. लागला नाही. मग उगाचच गाडी धुऊन आणली.

साडेचारला ती दोघं परत आली. बसमधून आधी आबा उतरले, मग हात देऊन त्यांनी ब्रायडीला उतरवलं. तिचा चेहरा रडून रडून लाल झाला होता, केस विस्कटले होते, आणि पाठ ताठ होती. मला बघून म्हणाली, "मी खूप आरडाओरडा केला, जयेश."

"लय," आबा म्हणाले. कौतुकानेच म्हणाले.

काय झालं ते मला गाडीशेजारी उभ्याउभ्याच कळलं, निम्मं इंग्रजीत तिच्याकडून, निम्मं वऱ्हाडीत आबांकडून. उतारावरचा रस्ता, दोन्ही बाजूंनी शांत रांग. कुणी ढकलत नाही, कुणी पुढे घुसत नाही. याचंच आबांना निम्मं आश्चर्य. छातीवर पदकं लावलेला म्हातारा, घडीची खुर्ची घेऊन आलेल्या दोघी बहिणी, कुत्र्याच्या गळ्यात काळी रिबीन. फाटकाशी गुडघाभर फुलं आणि प्रत्येक गुच्छाला चिठ्ठी.

"मी त्या चिठ्ठ्या वाचून राह्यलो होतो," आबा म्हणाले. "पोस्टाची सवय. वरून राणीचं नाव, अन् आत? 'माझ्या आईले तुम्ही आवडत होत्या.' 'बाबा असते तर आले असते.' 'आमच्या जॉर्जले भेटा.' दहातल्या सात-आठ चिठ्ठ्या अशाच. राणी त्यायची होती रे, पण रडून राह्यला होता जो तो आपापल्याले. टीव्हीवर हे दिसत नाही. मी उगाच शिव्या देत होतो त्यायले."

ब्रायडीने आपल्या चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं: 'मर्विन मकिबिन, ड्रोमोर आणि ल्यूकन.' ती वाकून फुलं ठेवणार एवढ्यात आबांनी हात पुढे करून ती चिठ्ठी मागितली आणि तिचा एक कोपरा फाडला.

"मला आधी धक्काच बसला," ब्रायडी म्हणाली. "मग त्यांनी सांगितलं." आपल्याकडे मयताच्या बातमीच्या कार्डाचा कोपरा फाडतात. पोस्टात तसं कार्ड दिसलं की आबा ते गठ्ठ्यातून काढून सगळ्यांत वर ठेवायचे, आणि पोस्टमन इतर पत्रं बाजूला ठेवून ते आधी पोचवायचा. एवढ्या हजारो चिठ्ठ्यांत बातमी कोणती ते कळायला नको? आबांनी आपल्या पोस्टमास्तरी इंग्रजीत हे तिला समजावलं. एकतीस वर्षं टपाल लावलेल्या बाईला ते लगेच कळलं. आणि तिथेच, फाटक्या कोपऱ्याची चिठ्ठी फुलांवर ठेवताना, तिचा बांध फुटला. मोठ्याने, हंबरडा फोडून, मर्विनचं नाव घेत ती रडली. खुर्चीवाल्या बहिणींतली एक आली आणि काही न विचारता तिला धरून उभी राहिली.

"अन् तुम्ही?" मी आबांना विचारलं.

आबांनी मफलर नीट केला. "मी काय. उभा होतो." मग म्हणाले, "पूर्ण नोकरीत लोकायच्या मयताची कार्डं पोचवली. तुझ्या आईचं एकही कार्ड मी कोणाले टाकलं नाही. कोणाले टाकू? सगळे दारं लावून बसले होते. व्हॉट्सअॅपवर टाकलं, अन् लोकायनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं." त्यांनी खिशातून पेन काढून पुन्हा आत ठेवलं. "ब्रायडीबाईजवळ दुसरी एक चिठ्ठी होती. तिच्यावर लिवलं मी. प्रमोदिनी, अमरावती. कोपरा फाडला अन् ठेवली तिच्या फुलायजवळ."

सोळा महिन्यांत त्यांच्या तोंडून मी आईचं नाव पहिल्यांदा ऐकलं. मी गाडीची किल्ली हातात फिरवत राहिलो. "निघू या का," मी म्हणालो, "ट्रॅफिक लागेल."

"निघायचं?" ब्रायडीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कढीपत्त्याची कुंडी चुकीच्या जागी ठेवली आहे. "माणसाला पोचवून आल्यावर लोकांना उपाशी घरी पाठवतात? कुठली रीत ही? मर्विनच्या वेळी मला कुणालाच सूप पाजता आलं नाही. चल."

आणि ती पुढे चालू लागली. आम्ही मागून.

चौकातच एक जुनं हॉटेल होतं. आत गालिचा, लाकडी टेबलं, शनिवारची थोडी गर्दी. ब्रायडी काळ्या कोटाची बटणं लावून काउंटरशी उभी राहिली, पोस्टात उभी राहत असेल तशी. पन्नाशीची एक वेट्रेस आली.

"तिघांना सूप आणि सँडविचेस," ब्रायडी म्हणाली. "आणि चहा, मोठ्या किटलीत. बसायला शांत जागा हवी."

वेट्रेसने तिचा कोट पाहिला, चेहरा पाहिला. इथे अंत्ययात्रेहून आलेली माणसं हॉटेलात जेवतात, त्यांना ते ओळखू येतं. "फ्युनरलहून आलात का?" तिने हळू आवाजात विचारलं.

"हो," ब्रायडी म्हणाली.

"आय अॅम सो सॉरी. कोण गेलं?"

"माझा नवरा. मर्विन." नाव ती स्वच्छ, पूर्ण आवाजात म्हणाली. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी मान वळवली आणि आदराने खाली घातली.

वेट्रेसने तिचा हात हातात घेतला. मग रीतीप्रमाणे आबांकडे वळून त्यांच्यापुढेही हात केला. आबांनी डोक्यावरची टोपी काढली. "माय वाइफ," ते म्हणाले.

बाई गोंधळली. तिने एकदा ब्रायडीकडे पाहिलं, एकदा आबांकडे, पण हात सोडला नाही. नवरा कुणाचा, बायको कुणाची, एकाच दिवशी दोघं कसे, हे तिला कुठून कळणार? पण समोरची दोन म्हातारी माणसं खोटं बोलत नाहीत एवढं तिला कळलं असावं. तिने आबांचा हात दाबला आणि माझ्यापुढे हात केला.

मी म्हणणार होतो की मी नुसता ड्रायव्हर. ओठांवर आलंच होतं.

"माझी आई," मी म्हणालो.

तिने काही विचारलं नाही. माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आम्हाला मागच्या छोट्या खोलीतल्या मोठ्या टेबलाशी नेऊन बसवलं आणि दार ओढून घेऊन सूप आणायला गेली. सूप यायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ मी रडत होतो, आणि ती दोघं मला रडू देत होती.